ओलं गोणपाट

फोन आला तेव्हा मी मेधाताईच्या घराच्या दर्शनी भिंतीवर टांगलेल्या गोणपाटावर पाणी मारत होते. नाशिकहून तिची धाकटी बहीण बोलत होती. "मेधा गेली गं..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी हातातला पंप खाली ठेवला. मग वेड्यासारखा परत उचलला. अर्धी भिंत कोरडी होती ना!

मेधाताई जुन्या घरांची आर्किटेक्ट. पुण्यात शिकली आणि डब्लिनच्या खालच्या या ब्रे गावात, समुद्राकाठच्या विटांच्या घरांवर जीव जडला म्हणून राहिली. मी नोकरीला जवळच्याच चेरीवूडला. इथे हक्काचं माणूस म्हणजे ती एकटी. रविवारी मला फिरायला न्यायची, पण समुद्र राहायचा बाजूला, बाई लोकांच्या भिंती न्याहाळत चालायची. "बघ, लाल वीट फक्त समोर. मागे सगळा ओबडधोबड दगड. मिजास काय ती रस्त्यावरच्यांसाठी!" कुणी विटांचे सांधे सिमेंटने भरलेले दिसले, की हिचं डोकं फिरलंच. "अगं, हा खारा वारा, हा पाऊस... ओल बाहेर पडणार कुठून? चुन्यातून भिंत श्वास घेते. सिमेंटने कोंडली की विटेचे पापुद्रे सुटतात." मी तिची बाही ओढायची. "ताई, चल, लोक बघतायत."

लॉकडाऊनमध्ये बाहेरची कामं थांबली, तेव्हा ती स्वतःच्या भिंतीकडे वळली. शिडीवर चढून जुनं सिमेंट खरवडलं, सांधे चुन्याने भरले. चुना हळूहळू धरतो, म्हणून वरून ओलं गोणपाट. मधेच अंगठा दाबून बघायची. उमटला, तर अजून कच्चं. काम संपलं आणि तिला ताप आला. हॉस्पिटलात भेटायला बंदी. फोनवर धाप लागलेली, तरी म्हणाली, "मी ग्रँड आहे गं. गोणपाट तेवढं वाळू देऊ नकोस." इथल्यांची ही सवय तिलाही लागली होती, जीव जात असला तरी ग्रँड, म्हणजे मजेत! मी रोज जात राहिले. भिंत ओली राहिली तर ताई घरी येईल, असं वाटायचं. इंजिनियर आहे मी, पण वाटायचं.

अंत्यसंस्कार लॅपटॉपवर पाहिले. कॅमेरा इतका लांब, की चेहराही दिसला नाही. मग स्क्रीन काळी झाली... पाठीवर हात ठेवायला कुणी नव्हतं. एकटीच रडले, एकटीच चहा केला.

दुसऱ्या दिवशी तरीही पाणी मारायला गेलेच. शेजारच्या म्हाताऱ्या पॅटने कुंपणापलीकडून टोपी काढली. "शी वॉज सम वुमन," म्हणाला, म्हणजे बाई होती खरी! आणि तिथेच उभा राहिला.

गेल्या आठवड्यात गोणपाट उतरवलं. अंगठा दाबला, उमटला नाही. भिंत धरली होती. आता हे सांगायचं कुणाला? तेवढ्यात दाराच्या घंटीखाली, जरा रुंद सांध्यात, एक ठसा दिसला. कच्चं असताना तिनेच दाबून बघितलेला, बुजवायचा राहिलेला. मी त्यात माझा अंगठा ठेवून बघितला. मावला नाही. एवढीशी होती गं माझी ताई...