हसण्याचे व्यायाम आणि पायाचे अंगठे

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि दोन मणक्यांवर बोट ठेवलं. "इथे हाड खाल्लं गेलंय. पॉट्स डिसीज."

पॉट्स डिसीज म्हणजे मणक्याचा क्षय. क्षय फक्त छातीत होतो, अशी माझी तोवर समजूत होती. मी आर्वीला मुलींच्या शाळेत चौथीचा वर्ग घ्यायची. वय एकतीस. चार महिने पाठीला शेक आणि तेल चालू होतं. शेवटी छोट्या रेल्वेगाडीने पुलगाव आणि तिथून वर्धा असा प्रवास करून या खोलीत पोचले, तेव्हा गाडीचा प्रत्येक हिसका मणक्यात साठून राहिला होता.

"प्लास्टर बेडवर झोपावं लागेल. आठ-दहा महिने. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन."

"आणि नाही झोपले तर?"

"मणका बसेल. पाय जातील."

त्यांनी एवढंच सांगितलं. धीर वगैरे दिला नाही. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

प्लास्टर बेड म्हणजे पाठीच्या मापाचा प्लास्टरचा अर्धा साचा. त्यात उताणं पडून राहायचं. कुशीवर वळायचं नाही, उठायचं नाही. छत तेवढं दिसतं. आमच्या छतावर ओलीचा एक डाग होता आणि तो माझ्यापेक्षा लवकर बरा झाला, कारण उन्हाळा आला.

भेटायला येणारे सगळे मनाचे डॉक्टर होते. भाऊ म्हणाला, मन खंबीर ठेव. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, यातूनही शिकायला मिळतं. स्टुलावर दहा मिनिटांत ज्यांची कंबर अवघडायची, ती माणसं मला सहनशक्ती शिकवत होती. जाताना उरलेली संत्री पिशवीत परत नेत.

यांचे शिरोमणी होते एक निवृत्त वकील. दर गुरुवारी ते बायकांच्या वॉर्डात व्याख्यान देत. त्यांनी मानसशास्त्रावरची इंग्रजी पुस्तकं वाचली होती, आणि वाचून झाल्यापासून त्यांना कुणाचं ऐकून घ्यायची गरज उरली नव्हती. "आनंद ही सवय आहे," ते म्हणत. "मन प्रसन्न, तर शरीर प्रसन्न." प्रत्येकीला त्यांनी एक कार्ड दिलं: 'मी आनंदी आहे.' सकाळी वीस वेळा म्हणायचं, मग आरशात बघून हसायचं.

लाज वाटते, पण मी ते केलं. शिकलेली बाई ना मी! आठ दिवस आरसा धरून दात दाखवले. नवव्या दिवशी माझं जेवण बंद झालं. आजार तर होताच. आता दुःखी असणं हीसुद्धा माझीच चूक ठरली होती.

माझ्या शेजारच्या खाटेवर बायजाबाई होती. वर्ध्याजवळच्या नालवाडीची. जिनिंगमध्ये काम करताना कापसाच्या गाठीवरून पडली आणि तिच्या डाव्या पायातली ताकद गेली. नागपूरच्या धम्मदीक्षेला वर्ष झालं होतं, तीही तिथे जाऊन आली होती. पहिल्याच दिवशी माझ्या भावाने डॉक्टरांकडे माझी खाट हलवायची मागणी केली. कारण बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना कळलं. डॉक्टर म्हणाले, "इथे खाट आजार बघून मिळते." मी तेव्हा गप्प राहिले होते. माझ्या शिक्षणाची किंमत तिथेच कळली.

माझं जेवण बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी तीच बायजाबाई माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "मास्तरीनबाई, काऊन जेवून नाई राह्यल्या?"

"मन लागत नाही."

"मले बी नाई लागत. घास तोंडात टाका. मनाले राहू द्या बाजूले."

संध्याकाळी डॉक्टर आले. मी त्यांना म्हटलं, "खूप प्रयत्न करते, पण आनंदी राहता येत नाही."

"कोणी सांगितलं राहायला?" ते खरोखरच चकित झाले. "दुःखी राहूनही जेवता येतं. मला तुमचं वजन हवंय. आणि दर तासाला दोन्ही पायांचे अंगठे वीस वेळा हलवा. हलायचे थांबले तर लगेच सांगा."

एवढंच माझं मानसशास्त्र. भाकरी आणि अंगठे. तासाचा ठोका पडला की बायजाबाई हाक मारायची, "चाला मास्तरीनबाई!" मी माझे हलवायची, ती तिचे. तिचा उजवा हलायचा, डावा नाही. तरी ती दोन्ही मोजायची. सकाळी पडल्यापडल्या तोंड धुवायचं, वेणी घालायची, समोरच्या खाटेवरच्या म्हातारीची विचारपूस करायची. रडू आलं तर रडायचं, पण वेणी अर्धी सोडायची नाही. महिन्याभरात मला भूक लागू लागली. आनंद कधी आला ते सांगता येणार नाही. त्याची कोणी वाटच बघत नव्हतं.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी बायजाबाईला स्पष्ट सांगितलं, "नस गेली आहे. हा पाय परत येणार नाही. कुबडी घ्यावी लागेल." तिने मान हलवली आणि ती दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडली.

गुरुवारी वकीलसाहेबांना हे कळलं. साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "बघा, कुठेतरी मन कच्चं पडलं असणार."

मी उताणी होते. त्यांचा चेहराही मला दिसत नव्हता. छताकडे बघतच मी म्हणाले, "वकीलसाहेब, त्यांची नस तुटली आहे. नसेला तुमचं कार्ड वाचता येत नाही. या वॉर्डात त्यांच्याएवढं पक्कं मन कुणाचं नाही, तुमचं तर नाहीच."

बायजाबाई शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमी एक म्हयना इथं झोपून पाहा. मंग सांगजा."

पुढच्या गुरुवारपासून ते पुरुषांच्या वॉर्डात जाऊ लागले. आनंद तिकडे पोचला.

दहाव्या महिन्यात मला पट्टा बांधून उभं केलं. पाय माझ्याखाली उभे राहिले. यात माझ्या मनाचं काही कर्तृत्व नाही. औषध लागू पडलं, बायजाबाईची नस जुळली नाही. तुमच्यापैकी कुणी असंच खाटेवर असेल आणि कोणी हसायला सांगत असेल, तर त्याला खुशाल जाऊ द्या. जेवा. हलतंय ते हलवा. शेजारच्या खाटेशी बोला.

बायजाबाईला माझ्याआधीच घरी सोडलं होतं. आर्वीला परतण्याआधी मी नालवाडीला गेले. बायजाबाईने चूल विटांच्या ओट्यावर चढवून घेतली होती. काखेत कुबडी धरून, भिंतीला टेकून ती भाकरी थापत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"धूर लागला का?" मी विचारलं.

"नाई. सकाळपासून रडू येऊन राह्यलं आज. बसा, भाकर होऊन राह्यली."

मी बसले. तिने ताट पुढे केलं. ती रडत होती, मी जेवत होते, आणि दोघींपैकी कुणालाच त्यात अवघडल्यासारखं वाटलं नाही.