खडकवस्ती फाट्यापर्यंत सहा सत्कार

शनिवारी सकाळी साडेसातला नाशिकमधल्या आमच्या कॉलेजच्या फाटकातून आमची मिनीबस निघायची होती. निघाली सव्वाआठला. पाऊण तास कशात गेला? फ्लेक्स बांधण्यात! "महाविद्यालयीन प्रादेशिक नागरी नेतृत्व उपक्रम" हे एवढं लांब नाव बसच्या पुढच्या काचेखाली मावेना. शेवटी ड्रायव्हर अन्वरभाईंनी दोन्ही कडा मुडपून आत खोचल्या. बाहेर उरलं फक्त "प्रादेशिक नागरी".

"अहो, नेतृत्व आत गेलं," रोहिणी मॅडम कळवळल्या.

"जाऊ द्या मॅडम, नाहीतरी दिवसभर आतच बसणारे," अन्वरभाई म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला.

या उपक्रमाचे प्रमुख कुलथे सर. राज्यशास्त्र शिकवतात, जाकीट घालतात, आणि दोन वर्षांत निवृत्त होतील. रोहिणी मॅडम समन्वयक, म्हणजे फाइल त्यांच्याकडे. बाकी आम्ही बारा विद्यार्थी. कागदोपत्री आम्हाला "युवा नेते" म्हणतात. मला यात घेतलं ते माझ्या पत्रकांमुळे. नळाला पाणी नाही, लिहा पत्रक. कॉलेजच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, लिहा पत्रक. (कडी बसली. उलटी बसली, पण बसली.)

आजचा दौरा "अभ्यासदौरा" होता, पण माझ्यासाठी त्यात एकच काम होतं. नांदगावच्या बाजूला खडकवस्ती नावाची वस्ती आहे. तिथली सारिका तिकडच्याच कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजकडे जाणारी बस तिच्या फाट्यावरून जाते, पण थांबत नाही. म्हणून ती रोज दोन किलोमीटर हायवेच्या कडेने चालत पुढच्या थांब्यावर जाते, आणि गेला महिनाभर दोन मोटरसायकलवाले तिच्या मागेमागे येतात. तिच्या वडिलांनी निर्वाणीचं सांगितलं होतं : सोमवारी सकाळी बस फाट्यावर थांबली तर कॉलेज, नाही थांबली तर नाव काढून आणणार. बसस्थानकाच्या प्रमुखांशी आमची भेट ठरली होती चार वाजता. माझ्या पिशवीत पत्रकाच्या तीनशे प्रती होत्या. मथळा : "बस थांबवा, नाहीतर आम्ही बस थांबवू!"

"ते बाहेर काढायचं नाही," कुलथे सरांनी निघतानाच बजावलं. "मुक्ता, माणसाला आधी मान द्यावा, खुर्चीत नीट बसू द्यावं, मग प्रश्न विचारावा."

"सर, तो खुर्चीतच बसलेला असतो. उठत नाही हीच तर तक्रार आहे."

सर हसले. मला हसायचं नव्हतं.

पहिला मुक्काम एकलहरे. वीजकेंद्राच्या उंच चिमण्या लांबूनच दिसायला लागतात आणि बस कितीही वळली तरी खिडकीतून हलत नाहीत. तिथल्या कामगार वसाहतीतल्या काही निवृत्त मंडळींनी एका खोलीत वाचनालय चालवलंय. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, पंखा, प्यायचं थंड पाणी. मुलं पहाटेपासून येऊन बसतात. बघण्यासारखं काम! पण ते बघायला आम्हाला मिळाली दहा मिनिटं, कारण आधी त्यांनी आमचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मग आम्ही त्यांचा केला. मग प्रास्ताविक, परिचय, मनोगत, आणि आभार मानणाऱ्या काकांनी मंडपवाल्यापासून सुरुवात केली. मंडप नव्हताच. अभ्यास करणारी मुलं पुस्तकात बोट घालून तासभर उभी होती.

"सर, साडेदहा वाजले," मी म्हटलं.

"दोन सत्कार झालेत फक्त," सर म्हणाले, जणू काही मी घाई करतेय.

पिंपळगाव बसवंतला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. हायवेच्या कडेला द्राक्षांच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो एकामागे एक उभे. एका पॅकहाउसमध्ये (द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात ती शेड) आम्हाला नेलं. डोक्याला जाळीदार टोप्या घातलेल्या चाळीसेक बाया हातात छोट्या कात्र्या घेऊन घड निवडत होत्या. आत गारवा होता आणि कात्र्यांचा नुसता किटकिट आवाज. मी एका मावशींजवळ जाऊन उभी राहिले.

"कुठले म्हणायचे तुम्ही?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"युवा नेते आहोत. कॉलेजचे."

त्यांनी आता मान वर केली, मला खालून वरपर्यंत पाहिलं. "लय बारीक हाय की गं नेते! मतं मागाया आले का?"

"नाही मावशी, शिकायला आलोय."

"मंग घे कात्री."

घेतली. सडका मणी काढायला गेले आणि शेजारचा चांगला दाबला. मावशींनी घड माझ्या हातातून काढून घेतला. "नाय जमायचं. तू आपली नेताच हो."

एवढ्यात मालकांनी सत्काराची घोषणा केली आणि काम थांबवून सगळ्या बायांना रांगेत उभं केलं. टाळ्या वाजवायच्या म्हणून सगळ्यांनी हातमोजे काढले. मावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "आमचं काम उक्तं हाय (जेवढ्या पेट्या, तेवढीच मजुरी). आता परत हात धुवा, परत मोजे घाला. तुमच्या नारळापायी आमच्या चार पेट्या गेल्या."

मी हे जसंच्या तसं सरांना सांगितलं. सरांचा चेहरा पडला. त्यांनी आपलं मनोगत दोन वाक्यांत आटोपलं, आणि हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण मालकांचं भाषण वीस मिनिटं चाललं आणि वर आम्हीही त्यांना शाल घातली. सत्कार चार.

चांदवडच्या घाटाजवळ एका ढाब्यावर जेवलो. शेवभाजी अशी तिखट की आमचा वर्गप्रतिनिधी रडत रडत तिसरी भाकरी मागत होता. ढाब्याचे मालक निघाले सरांचे जुने विद्यार्थी. झाला पाचवा सत्कार, कांदे चिरणाऱ्यांच्या साक्षीने. बसच्या मागच्या सीटवर आता नारळ आणि पुष्पगुच्छ बसले होते, आणि दोन युवा नेते मधल्या जागेत पिशव्यांवर.

मी रोहिणी मॅडमकडे भेटीचा कागद बघायला मागितला. त्यांनी फाइल दिली. फाइलमध्ये वरच एक मानपत्र होतं, लॅमिनेट केलेलं. मी वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

"मॅडम, हे काय? 'खडकवस्ती फाट्यावर विद्यार्थिनींसाठी बसथांबा सुरू केल्याबद्दल आपला हृद्य सत्कार'? थांबा सुरू कुठे झालाय?"

"होईल ना गं."

"आणि नाही झाला तर?"

"महिनाअखेरीला अहवाल द्यायचाय. त्यात एक यशोगाथा लागते. प्रेसवाला नंतर वेळेवर देत नाही, म्हणून आधीच छापून घेतलं. नावाची जागा कोरी ठेवलीय बघ, मार्करने लिहायची."

"म्हणजे न केलेल्या कामाचं कौतुक?"

"आवाज हळू," मॅडम म्हणाल्या. "सर झोपलेत."

मनमाड मागे पडलं. खिडकीबाहेर काळी रानं, अधूनमधून कांदे साठवायच्या चाळी, आणि लांबवर उघडे डोंगर. देखावा चांगला होता, मी रागाने पाहिला.

ज्या बसस्थानकावर आम्ही पोचलो त्याचं नाव इथे लिहीत नाही. पत्रक असतं तर ठळक अक्षरांत छापलं असतं, पण तिथल्या एका माणसाला मी तसा शब्द दिलाय. भेट चारची, आम्ही पोचलो पावणेपाचला. बाकावर सारिका आणि तिचे वडील तीनपासून बसलेले.

"साहेब गेले," सारिका म्हणाली. "सव्वाचारपर्यंत वाट पाहिली त्यांनी. मीटिंग होती म्हणे, आता सोमवारी दुपारी येतील."

सोमवारी दुपारी! आणि बस सोमवारी सकाळची.  तिच्या वडिलांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. मला सत्काराचे नारळ एकेक करून कुठेतरी आपटावेसे वाटले. मी पिशवीत हात घातला आणि पत्रकांचा गठ्ठा बाहेर काढला.

"सर, आता मी कोणाचं ऐकणार नाही."

पण सर ऐकायला तिथे होतेच कुठे? ते चौकशीच्या खिडकीमागच्या खोलीत शिरले होते. आत वाहतूक नियंत्रक बसले होते, त्यांचं नाव इथे बदलून देवरे ठेवलंय. माइक तोंडाशी धरून ते कुठली गाडी कुठे लागली ते सांगत होते. सरांनी मागून जाऊन त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. रोहिणी मॅडमनी मार्करने "देवरे" लिहून मानपत्र पुढे केलं.

"सर, हे ते नव्हेत!" मी खिडकीतून ओरडले.

"आता हेच आहेत," सर म्हणाले आणि वाचायला लागले.

देवरेंच्या हातातला माइक चालूच राहिला होता. सगळ्या स्थानकावर कुलथे सरांचा आवाज घुमला : "खडकवस्ती फाट्यावर विद्यार्थिनींसाठी बसथांबा सुरू केल्याबद्दल..." फलाटावरची माणसं वर भोंग्याकडे बघायला लागली. कोणीतरी टाळी वाजवली. मग बऱ्याच वाजल्या. एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन खिडकीशी आली. "काय शे वं माय?" (काय आहे गं?) तिने मला विचारलं.

"आजी, खडकवस्तीला थांबा झाला म्हणतात."

"झाया का? देव तुनं भलं करो रे भाऊ!" तिने खिडकीतून हात घालून देवरेंच्या गालावरून फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

देवरेंना घाम फुटला. त्यांनी माइक बंद केला. "अहो सर, काय केलं हे? मी कुठे काय केलंय?"

"थांबा देता येत नाही का?" सरांनी अगदी निरागसपणे विचारलं.

"देता यायचा प्रश्नच नाही. तो यादीत आहेच. विनंती थांबा. हात दाखवला की थांबायचं. पण गाडी उशिरा धावते, ड्रायव्हर लोक तिथून सरळ पुढे काढतात, आणि मीही कधी..." ते थांबले. खिडकीबाहेर तोवर तीनचार कंडक्टर जमले होते.

"देवरेभाऊ, शाल कसली?" एकाने विचारलं. "सोयरीक जमली का?"

देवरेंनी शालीकडे पाहिलं, सारिकेच्या वडिलांकडे पाहिलं, आणि पाच वीसच्या गाडीच्या ड्रायव्हरला हाक मारली. "तात्या, खडकवस्ती फाट्याला थांबायचं. आजपासून. सकाळच्या पाळीलाही वहीत लिहून ठेवतो."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. आता एवढ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, काय तोंड दाखवू?"

मी सारिका आणि तिच्या वडिलांबरोबर त्याच गाडीत बसले, आमची मिनीबस मागून येत होती. फाटा जवळ आला तसे आम्ही तिघंही उभे राहिलो. गाडीचा वेग कमी होईना.  मग ब्रेक लागला, इतक्या उशिरा की आम्ही एकमेकांवर आदळलो. पण थांबली.

खाली उतरल्यावर सारिकेचे वडील पहिल्यांदा बोलले. "आज शालीसाठी थांबली, ताई. सोमवारी शाल नसंल."

मी त्यांना हात जोडले आणि मागून आलेल्या मिनीबसमध्ये चढले.

परतताना मी सरांशी चांदवडपर्यंत भांडले. यादीत असलेला थांबा देणं हे कर्तव्य, त्याचा सत्कार कसला? उद्या सही केली म्हणून मिरवणूक काढायची का? सर म्हणाले, "खरंय तुझं. पण तुझं पत्रक वाचून तो माणूस खिडकी लावून बसला असता." मी म्हटलं, "बसला असता तर आम्ही खिडकीसमोर बसलो असतो." "सोमवार सकाळपर्यंत?" सरांनी विचारलं. अन्वरभाई आरशातून माझ्याकडे बघत होते. मी खिडकीबाहेर पाहिलं. मला अजूनही वाटतं माझंच बरोबर आहे. पण बरोबर असणं आणि बस थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कुठल्याही पत्रकात लिहिता आलं नसतं, आणि हे कबूल करताना आजही माझे दात आवळले जातात.

सोमवारी सकाळी सहा चाळीसला, फाट्यावरच्या गाडीच्या वेळेला, मी नाशिकला अंथरुणात फोन हातात धरून बसले होते. सहा पन्नास झाले. सात वाजले. सात पाचला वाजला.

"थांबली," सारिका म्हणाली. मागे इंजिनाचा आवाज येत होता. "शाल नव्हती ताई, नुसता हात दाखवला. बाबा अजून फाट्यावरच उभे आहेत, मला इथून दिसतायत. ठेवते, कंडक्टर आलाय."