अंगणवाडीत बसलेला बाप

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी अंगणवाडीत जाऊ लागलो.

नाव खरं तर माझ्या लेकीचं घातलं होतं. आरू तीन वर्षांची. पहिल्या दिवशी दारातच तिनं माझ्या गळ्याला अशी मिठी मारली, की बाईंना आणि मला मिळून ती सुटेना. येरमाळ्याच्या फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान, तिकडं ट्रकवाले खोळंबलेले. घाईत मी बोलून गेलो, "येडाईची आण, तू जा म्हणल्याशिवाय म्या जाणार न्हाय."

आरूनं मिठी सोडली. मला घेऊन आत जाऊन बसली. मी उठलो की भोकाड, बसलो की बंद. दुपारी मी आईला म्हणालो, "उद्या गुपचूप सटकतो."

"येडाईची आण मोडून? मग घरी यिऊ नगंस," आई म्हणाली. (येडाईच्या, म्हणजे येडेश्वरी देवीच्या गावात जन्मून मला आण जपून घ्यायची अक्कल नव्हती.)

झालं, सुरू झाली माझी शाळा. हात धुवायच्या रांगेत मी शेवटी, उंचीमुळं. गाण्यात मला झाड केलं, कारण मला हलायची परवानगीच नव्हती. खिचडी आली तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, ती लेकरांची हाय." मी घरून डबा नेऊ लागलो. वजनाच्या दिवशी सगळ्यांची वजनं झाली आणि माझ्याकडं बघून बाईंनी काटा उचलून आत ठेवला. लस टोचायला नर्स आल्या तेव्हा सगळी पोरं माझ्यामागं लपली. मी कुणामागं लपावं ते कळेना. गरोदर बायांच्या तपासणीला तर मी भिंतीकडं तोंड करून बसलो.

इकडं धंदा बुडत चालला. पलीकडच्या दुकानदारानं हवेची नवी मशीन घेतली, तीही माझ्याच गिऱ्हाइकांच्या जिवावर. एक जुना ड्रायव्हर शोधत अंगणवाडीच्या दारात आला. मी मातीचा बैल करत होतो.

"शेठ, टायर बसलंय. येता का?"

मी आरूकडं बघितलं. तिनं मान हलवली. न्हाय. तो गेला, तो कायमचाच.

पोरगी मात्र तिथं फुलत होती. आपलं ताट आपण उचलायची, घरी गोष्टी सांगायची, हात धुतल्याशिवाय आजीला घास घेऊ द्यायची नाही. सगळ्यांचं चांगलं चाललं होतं, माझं सोडून. रोज मी रडकुंडीला येऊन विचारायचो, "आरू, जाऊ का गं?"

"न्हाय."

आणि एक दिवस मैत्रिणींसोबत ठोकळे रचताना तीच म्हणाली, "पप्पा, तुमी जावा आता. आमाला जागा पुरंना."

ह्याच शब्दांसाठी मी तडफडत होतो. उठलो, दारापर्यंत गेलो, मागं वळून बघितलं. तिनं मान वर केली नाही. तिला माझी गरजच उरली नव्हती. मला काय झालं कुणास ठाऊक, उंबऱ्यावरच बसलो आणि हुंदके आवरेनात. मला बघून आतली दोन-तीन पोरंही सुरू झाली. बाईंनी घाईनं मदतनीस ताईंना धाडून माझ्या आईला बोलावून घेतलं.

"काकू, तुमचं लेकरू आज घरी न्या," बाई म्हणाल्या. "त्याचं बघून बाकीचीबी रडाय लागलीत. हुईल सवय हळूहळू."