खुर्च्यांची वरात

इस्त्रीमावशीनं शर्टांच्या कारखान्यात बावीस वर्षं इस्त्री फिरवली. हात तापले, डोकं कधी तापलं नाही. यंदा मात्र सून त्याच कारखान्यात पॅकिंगला लागली, तिला सातवा महिना लागला आणि मावशीचा ताबा सुटला. पॅकिंगच्या बायकांनी नऊ तास उभं राहायचं. खुर्ची दिली की हात मंदावतात, असं मालकांचं ठाम मत. (स्वतः मालक बसूनच हे मत मांडत.) सुनेचे पाय संध्याकाळी चपलेत मावत नसत. डॉक्टरीण म्हणाली, "बसून काम करा, नाहीतर काम सोडा." काम सोडून भागणार नव्हतं.

हेच मालक चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष. त्या रविवारी शास्त्रपाठ वाचणाऱ्या मास्तरांचा घसा बसला आणि पाळकसाहेबांनी बायबल मावशीच्या हाती दिलं. मावशी खणखणीत वाचू लागली. अंगठीवाला सभेत आला की त्याला मानाची जागा, आणि फाटक्या कपड्यातल्याला 'तू तिकडे उभा राहा', हा कुठला न्याय? उपाशी माणसाला नुसतं 'पोटभर जेव' म्हणून काय उपयोग? कृती नाही तो विश्वास मेलेला.

हा पाठ तिनं शंभरदा ऐकला होता. स्वतःच्या तोंडून ऐकला आणि ती चमकलीच. म्हणजे इतकी वर्षं आपली बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात!

उपासना संपताच तिनं पाळकसाहेबांना गाठलं. "या खुर्च्या आठवडाभर नुसत्याच पडून असतात ना?"

"धूळ खात. का?"

"देवाच्या कामाला हव्यात."

पाळकसाहेबांना वाटलं, मावशी खुर्च्या धुणार. त्यांनी आनंदानं किल्ली दिली.

सोमवारी सकाळी पॅकिंगच्या चोवीस बायका चर्चमधल्या होत्या-नव्हत्या त्या सगळ्या खुर्च्या डोक्यावर घेऊन भर रस्त्यातून निघाल्या. पुढे मावशी, डोक्यावर सुनेच्या वाट्याची खुर्ची, पण थाट सेनापतीचा. हवालदारानं दोन बस थांबवल्या. "लग्न कुणाचं?" एका दुकानदारानं विचारलं, आणि बायका अशा खिदळल्या की तीन खुर्च्या खाली आल्या.

"फेका बाहेर!" सुपरवायझर गरजला. त्यानं पहिली खुर्ची उचलली तर पाठीवर ठसठशीत अक्षरात मालकांचं नाव आणि खाली 'सप्रेम भेट'. मालकांचं नाव रस्त्यावर कसं फेकायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यानं खुर्ची रुमालानं पुसून खाली ठेवली आणि परगावी गेलेल्या मालकांना फोन लावला.

"रविवारी बघतो तिच्याकडे," मालक म्हणाले.

मावशीनं मनाशी हिशेब केला. सुनेला बसवण्याच्या नादात घरातल्या दोघींच्याही नोकऱ्या जायच्या. पण त्या आठवड्यात सून बसून शर्टांच्या घड्या घालताना पाहिली, संध्याकाळी तिच्या पायांत चपला सरळ जाताना पाहिल्या, आणि मावशी भीतीनं आणि आनंदानं एकदमच वेडी झाली. खोकी तर नेहमीपेक्षा जास्त भरली. सुपरवायझरही दोनदा हळूच टेकून गेला.

शनिवारी संध्याकाळी खुर्च्या परत न्यायला मावशी पोचली तर कारखान्याला कुलूप. किल्ली सुपरवायझरच्या खिशात आणि सुपरवायझर सासुरवाडीला.

झालं! रविवारी सगळी मंडळी उभी. म्हाताऱ्यांना आणि सुनेला वेदीच्या पायऱ्यांवर बसवलं, बाकीचे ताटकळत. मालक नवे कोरे बूट घालून आले होते. कुणाला काय बोलावं हे ठरायच्या आत पहिलं गीत सुरू झालं. पाळकसाहेबांना एव्हाना सगळं कळलं होतं. एरवी तासाचं प्रवचन त्यांनी सव्वा तास लांबवलं. मालकांनी डाव्या पायावरचा भार उजव्यावर टाकला, उजव्यावरचा डाव्यावर, मग भिंत शोधली. भिंती सगळ्या भरलेल्या.

उपासना संपताच ते बाहेरच्या पायरीवर मटकन बसले आणि एक बूट काढला. मावशी समोर जाऊन उभी राहिली.

"या बायका किती तास उभ्या असतात?" त्यांनी विचारलं.

"नऊ, साहेब."

मालकांनी मोज्यातला अंगठा चोळला. "खुर्च्या राहू द्या तिथंच. चर्चला मी दुसऱ्या आणतो."

सुनेनं मागून पदर ओढला, की चला आता, मिळालं. मावशीला हवं होतं तेवढं मिळालं होतं. तिचे पाय मात्र हलेनात.

"साहेब, धागे कापणाऱ्या अजून अकरा जणी आहेत. त्याही उभ्याच असतात."

मालकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"त्यांनाही," ते म्हणाले, आणि दुसरा बूट काढला.