नावाशेजारचा फोटो

वस्तू जागेवर नाही म्हणून ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा पाणी प्यायच्या आधी त्यांनी भिंतीवरचा आमचा फोटो बघितला, मान तिरकी केली आणि हातोडी मागितली. जेवणं होईपर्यंत फोटो दोन बोटं डावीकडे गेला होता, फ्रिज खिडकीपासून लांब गेला होता आणि माझी आवडती खुर्ची बाल्कनीत गेली होती. मामींना याचं काहीच वाटत नाही. "मी ह्यांना देवळात नेतच नाय," त्या मला म्हणाल्या, "देवालाच सांगतील, जरा सरकून घ्या."

मामांनी उभी हयात मुरबाड-धसई एसटीवर कंडक्टरकी केली, आणि त्यांच्या गाडीत प्रवासी स्वतःच्या मर्जीने कधी बसला नाही. पोटुशी बाई मागच्या चाकावर बसायची नाही, भाजीच्या पाट्या सगळ्यात मागे, आधी उतरणारा दाराजवळ, आणि भांडलेले भाऊबंद एका बाकावर नाहीत. कोण कोणाशी भांडलंय हे मामांना पाठ असे. एकदा म्हणे त्यांनी एका पुढाऱ्याला उठवून गाडी लागणाऱ्या बाईला खिडकी दिली होती. ही गोष्ट ते अजून सांगतात आणि दर वेळी तो पुढारी थोडा मोठा झालेला असतो.

निवृत्तीनंतर मुलीचा जुना लॅपटॉप त्यांच्या हाती लागला आणि गावातल्या लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची आमंत्रणं घरीच तयार होऊ लागली. मजकुराचं ठीक होतं, पण फोटो ऐकेना. वर्डमध्ये ठेवला एकीकडे की तो दिसायचा भलतीकडे. एंटर मारमारून आणि स्पेस देदेऊन मामा त्याला जागेवर ढकलत, आणि वरती एखाद्या आत्याचं नाव वाढलं की सगळं पुन्हा विस्कटे. मला ऑफिसात फोन यायचा. "जावईबुवा, गणपती खाली घसरला. नवरीच्या मामाच्या डोक्यावर बसलाय." मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण मी गंभीरपणे हूं हूं करत असे.

अशा माणसाकडे गावाने शाळेची स्मरणिका दिली. ही शाळा गावकऱ्यांनी श्रमदानाने बांधलेली. दगड, माती, लाकूड सगळं त्यांनीच वाहिलेलं. राबलेल्या प्रत्येकाचं नाव, शेजारी फोटो आणि खाली दोन ओळी असं पुस्तक काढायचं ठरलं. मागे एकदा अशीच पुस्तिका निघाली होती, तेव्हा गंगाकाकींच्या नवऱ्याचा फोटो भलत्याच नावाशेजारी छापला गेला होता. आणि ते नाव होतं ज्याच्याशी त्यांचं जन्मभर बांधावरून वाकडं होतं त्या शेजाऱ्याचं. काकींनी ती पुस्तिका घरात घेतली नाही. त्यांच्याकडे गेलेल्या नवऱ्याचा तेवढा एकच फोटो. तो मामांच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "मागल्या टायमाला मानूस एकीकडं नि नाव एकीकडं. या टायमाला तरी दोघांना संगती ठेव रे." मामांनी शब्द दिला.

आणि मामांनी आपल्या स्वभावाप्रमाणे फोटोंना बजावून ठेवलं. पानावर जागा पक्की करायची सोय त्यांना सापडली होती. ती त्यांनी प्रत्येक फोटोला लावली. आता भूकंप झाला तरी एक फोटो हलणार नव्हता. पण आमच्याकडे नावांचा मान वयाने असतो. राहून गेलेलं नाव शेवटी घालतो म्हटलं की घरातली माणसं विचारणार, आमचा आजा काय धाकटा होता? त्यामुळे वाढीव नाव वरतीच शिरायचं. तसं एक नाव शिरलं, खालची सगळी नावं एकेक घर खाली उतरली, आणि फोटो मात्र मामांच्या आज्ञेप्रमाणे जागच्या जागी. गंगाकाकींच्या नवऱ्याशेजारी पुन्हा तोच बांधावरचा शेजारी येऊन उभा राहिला.

मामांचं जेवण सुटलं. रविवारी आम्ही गेलो तर ते पडद्याला नाक लावून बसले होते. फोटोवर क्लिक केलं की समासात तो कोणत्या ओळीला बांधलाय ते सांगणारं एक बारीकसं अँकरचं, म्हणजे जहाजाच्या नांगराचं चिन्ह उमटतं, ते त्यांना त्या दिवशी दिसलं. ते चिन्ह ओढून त्यांनी काकींच्या नवऱ्याच्या नावाशी नेलं, फोटोची पक्की जागा काढून तो मजकुरासोबत हलेल असं केलं, आणि वरती उगाच दोन ओळी वाढवून बघितल्या. नाव उतरलं, त्याच्यासोबत फोटोही उतरला. मामांनी आणखी एक ओळ वाढवून खात्री केली. मग मला म्हणाले, "मी सगळ्यांना सीट देत बसलो. फोटोला सीट नाय द्यायची, सोबत द्यायची." मग प्रत्येक फोटोचं चिन्ह त्याच्या त्याच्या नावाशी नेऊन त्यांनी कुलूपबंद केलं, आणि मामींच्या हातची भाकरी नुसत्या चटणीशी खाल्ली.

खरी परीक्षा मुरबाडच्या छापखान्यात झाली. पानं मशीनवर चढणार तेवढ्यात शेणव्याहून एक गृहस्थ मोटरसायकल दामटत आले. त्यांचे आजोबा मूळचे मामांच्याच गावचे, दगड त्यांनीही वाहिले होते. छापखानेवाल्याने कपाळाला हात लावला. मामांनी मात्र शांतपणे आजोबांचं वय विचारलं, मोबाइलमधला फोटो घेतला आणि नाव थेट दुसऱ्या क्रमांकावर घातलं. सगळी यादी खाली सरकली आणि प्रत्येक माणूस आपल्या नावाचं बोट धरून सरकला. मामा खुर्चीत मागे रेलले. "अजून कोन राह्यलंय?" त्यांनी दाराकडे बघून विचारलं. "बोलवा. जागा आहे." मामांच्या गाडीबद्दल मी आजवर ऐकतच आलो होतो, त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिली, आणि मला त्यांचा अभिमान वाटला.

प्रकाशन शाळेच्या पटांगणात झालं. भाषणं झाली, नारळ झाला, मामांना शाल मिळाली आणि ती खांद्यावर दोन्हीकडे सारखी आहे का हे त्यांनी तिथेच तपासलं. गर्दी पांगल्यावर गंगाकाकी पुस्तक घेऊन आल्या. त्यांना वाचता येत नाही, आणि नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत. त्यांनी मामांना नावावर बोट ठेवायला सांगितलं. मामांनी ठेवलं. काकींनी आपलं बोट त्याच्या शेजारी, फोटोवर ठेवलं.

"आनि उद्या परत छापताना वर कोनी आनखी नाव घातलं तर?"

"तर हे दोघं मिळून खाली जातील, काकी. एकटा कोनी जानार नाय."

काकींनी पुस्तक मिटलं.

"आमचं पन असंच ठरलं होतं रे," त्या म्हणाल्या, आणि पुस्तक पदराखाली घेऊन हळूहळू घराकडे निघाल्या.