लाल रंगातले तीन पत्ते

राघवेंद्र धाग्याच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा तिथे दोनशे बारा अंतर्गत नंबर होते. महिनाभरात ते सगळे त्यांना पाठ झाले. लिहून ठेवायची सोय नव्हती, कारण नवव्या वर्षी आलेल्या तापात त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. त्यांचे वडील अंबाजीराव घोडेस्वार पोलिसांत होते. पोरगा घोड्यावर बसणार नाही हे कळल्यावर त्यांनी त्याला अंधशाळेत घातलं आणि रोज सायकलवरून स्वतः पोचवलं. पुढे म्हैसुरातच नोकरी लागली. बन्नीमंटपाजवळच्या घरातून निघायचं, बस पकडायची, साडेआठला बोर्डावर बसायचं, असं सतरा वर्षं चाललं.

मग कारखान्यात आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं. कुणी राघवेंद्रांना काढलं नाही. त्यांना फाटकाशेजारच्या खोलीत खुर्ची दिली आणि सांगितलं, आरामात बसा, पगार चालू राहील. अकरा महिने ते त्या खोलीत बसले. जेवणाची सुट्टी झाल्याचं त्यांना डब्यांच्या आवाजावरून कळायचं. घरी बायको वाणी विचारायची, "आज काय केलं?" ते म्हणायचे, "काय न्हाई. बसलो, अष्टे. एवढंच."

त्याच खोलीत ते एक जुना कॉम्प्युटर घेऊन त्यावर बातम्या ऐकत. पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम त्यांनी अंधशाळेच्या मित्रांकडून मिळवला होता. एका दुपारी सिंधू कुलकर्णी तिथे फाटकाची किल्ली मागायला आल्या. सिंधू साताऱ्याच्या. नवऱ्याच्या बदलीमुळे म्हैसुरात आल्या आणि इथेच राहिल्या. कारखान्याच्या मिनीकॉम्प्युटरचं काम त्यांच्याकडे होतं. हे यंत्र तीस वर्षांपूर्वीचं, कपाटाएवढं. रंगाची कृती, गासड्यांचा साठा, पाठवणीचे कागद, सगळं अजून त्याच्यावरच चालायचं. ते बंद करायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहून जायचं.

वेगाने चाललेला तो आवाज सिंधू थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"हे तुम्हाला कळतं? मला तर एक शब्द लागत नाही."

"सवय हाय मॅडम. पण आताच्या पानांवर लई चित्रं असतात. तिथं ह्यो बोलणारा गडी मुका होतो."

सिंधूंनी जरा विचार केला. "आमच्या मिनीवर चित्रच नाही. चोवीस ओळी, ऐंशी अक्षरं. माउससुद्धा नाही."

"हौदा? खरंच?" राघवेंद्र खुर्चीत सरळ झाले. "मग मला स्वल्प बघू द्या की. थोडा वेळ, बास."

दुसऱ्या दिवशी सिंधूंनी त्यांच्या कॉम्प्युटरवरून मिनीला जोडणी करून दिली. पडदा उघडला आणि आवाजाने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. काही सुटलं नाही. कोणती गोष्ट कितव्या ओळीवर असते हे आठवड्यात त्यांच्या बोटांना ठाऊक झालं.

सिंधूंनी त्यांना नोड डिरेक्टरीचं काम दिलं. कारखान्यातल्या ज्या ज्या कॉम्प्युटरशी मिनी बोलते, त्या प्रत्येकाचं नाव आणि आकड्यांतला पत्ता तिथे भरून ठेवावा लागतो. नाव नसेल तर मिनीच्या लेखी तो कॉम्प्युटर जगात नाही. पत्ता चुकला तर निरोप भलतीकडे जातो.

"ही तर टेलिफोनची डिरेक्टरीच झाली," राघवेंद्र म्हणाले.

"तशीच समजा. फक्त इथे चुकीचा नंबर लागला तर कुणी 'राँग नंबर' म्हणून सांगत नाही."

पुढची काही वर्षं ते काम त्यांनी सांभाळलं. नवा प्रिंटर आला की नोंद घालायची, जुना गेला की काढायची, हात लावण्याआधी आख्ख्या डिरेक्टरीची प्रत बाजूला ठेवायची. कागदोपत्री मात्र ते टेलिफोन ऑपरेटरच होते.

गेल्या वर्षी कारखान्याने सगळं नेटवर्क नव्याने टाकलं. सगळेच पत्ते बदलणार होते. एकसष्ट नोंदी एका रविवारी बदलायच्या ठरल्या. नेटवर्कच्या कंत्राटदाराने नव्या पत्त्यांची यादी पाठवली आणि सिंधूंनी ती राघवेंद्रांना दिली. त्या स्वतः मशीनच्या खोलीत तारा बदलण्यात गुंतल्या होत्या.

राघवेंद्रांनी एका कानाने यादी ऐकली, दुसऱ्या कानाने मिनी. सत्तेचाळिसावी नोंद एच. डी. कोटेची होती. तिकडे कापूस पिंजून गासड्या बांधायचं केंद्र होतं. पत्ता टाकताना त्यांची बोटं थांबली. हे आकडे मघाशी ऐकल्यासारखे वाटले. पण यादी शिकलेल्या माणसांनी केली होती. आपण कुठे मध्ये बोलायचं, असं म्हणून त्यांनी नोंद जमा केली आणि पुढे गेले. दुपारी दोनला काम संपलं.

सोमवारी सकाळी नऊच्या आत तीन फोन आले. वजनकाटा मिनीला जोडला जात नव्हता आणि बाहेर ट्रकांची रांग लागली होती. प्रयोगशाळेचा आणि मागच्या फाटकाचा कॉम्प्युटरही तसाच. मग कृष्णराजनगरच्या गोदामातून कुणीतरी विचारलं की, कोटेच्या गासड्यांचे कागद आमच्या प्रिंटरवर का निघतायत?

कारखान्याचे व्यवस्थापक विजय साहेब मशीनच्या खोलीत आले. त्यांनी यादी उघडली आणि लगेच म्हणाले, "हे तीन पत्ते लाल रंगात आहेत. लाल म्हणजे कच्चे, फोनवर खात्री करून मगच घालायचे. एवढं साधं दिसलं नाही?"

विजय साहेबांना आपण काय बोललो ते उशिरा कळलं. पण शब्द गेला होता.

शेजारी बसलेले राघवेंद्र उभे राहिले. आवाज अक्षर सांगतो, आकडा सांगतो, रंग सांगत नाही. यादीत लाल काही आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तरी त्यांना वाटलं, चूक आपलीच. "मॅडम, ह्ये काम दुसऱ्या कुणाला द्या," ते म्हणाले आणि फाटकाजवळच्या खोलीकडे चालू लागले.

सिंधू त्यांच्यामागे गेल्या. "राघवेंद्रराव, थांबा. यादी देताना मी एकदा नजर टाकायला हवी होती. ती चूक माझी. रंगाने सूचना लिहिणं ही त्यांची चूक. यात तुमचं काय चुकलं ते सांगा."

राघवेंद्र थांबून मागे वळले. मग म्हणाले, "एक चुकलं. कोटेचा पत्ता दोनदा आल्यासारखा वाटला होता. बोललो न्हाई."

"लाल नव्हता तो?"

"ते मला कसं कळणार? दोनदा ऐकला, एवढंच ठाऊक."

"चला मग. शोधा."

लाल पत्त्यांसाठी सिंधूंनी फोन लावले आणि वीस मिनिटांत पक्के आकडे मिळवले. तेवढ्या वेळात राघवेंद्रांनी आपल्या कॉम्प्युटरवर डिरेक्टरी पहिल्या नोंदीपासून ऐकायला घेतली. विजय साहेब मागे उभे होते. त्यांना फक्त घाईघाईची कुजबुज ऐकू येत होती. तेराव्या नोंदीवर राघवेंद्रांनी हात वर केला. "कृष्णराजनगर. ह्येच आकडे कोटेला हायत."

विजय साहेबांनी कंत्राटदाराची यादी पाहिली. तेरा आणि सत्तेचाळीस, दोन्हीकडे तोच पत्ता, साध्या काळ्या अक्षरांत. कंत्राटदाराच्या दोन माणसांनी आणि विजय साहेबांनी स्वतः ती यादी तपासून सही केली होती.

कोटेच्या केंद्राला विचारून खरा पत्ता मिळाला. राघवेंद्रांनी चारही नोंदी दुरुस्त केल्या. वजनकाट्यावरून फोन आला की पहिला ट्रक आत घेतला. पावणेअकरा वाजले होते.

विजय साहेब तिथेच एक खुर्ची ओढून बसले. "मघाशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं," ते म्हणाले.

"सरी, ठीक हाय साहेब," राघवेंद्र म्हणाले. "पण पुढल्या टायमाला कच्चं असेल तर 'कच्चं' असं लिहायला सांगा. मला ऐकू येईल, आणि दुसऱ्यांनापण वाचता येईल."

तो नियम त्या आठवड्यात लागू झाला. कुठलीही यादी आधी राघवेंद्र ऐकतात, मग ती मिनीवर जाते. त्यात शंका वाटली की ते आता लगेच बोलतात. दहापैकी सहा वेळा शंका चुकीची निघते, तरी बोलतात. दोन महिन्यांनी त्यांच्या हातात नवं पत्र पडलं. हुद्दा होता 'नेटवर्क सहायक'. वाणीने ते घरी दोनदा वाचून दाखवलं, एकदा मराठीत सांगून आणि एकदा कन्नडमध्ये, शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मिनीकॉम्प्युटर आता खरोखरच जाणार आहे. दीड वर्षात त्याच्या जागी नवी प्रणाली येईल, चित्रांची आणि बटणांची. हे कळलं त्या दिवशी राघवेंद्र जेवले नाहीत. पण नवी प्रणाली दाखवायला लोक आले तेव्हा सिंधूंनी पहिली खुर्ची त्यांना दिली, हेडफोनसकट. त्यांनी सकाळभर एकेक कळ दाबून पाहिली आणि आवाज जिथे नुसता 'बटण, बटण' म्हणत होता, कशाचं ते सांगत नव्हता, त्या जागा सांगत गेले. अडतीस जागा निघाल्या. आलेल्या मुलीने त्या सगळ्या लिहून घेतल्या आणि विचारलं, "सर, हे पूर्वी कुणी सांगितलंच नाही आम्हाला. पुढच्या महिन्यात परत बसाल का?"

"बसतो की," राघवेंद्र म्हणाले. "आधीच्या दिवशी फोन करा."

पुढच्या खेपेला अडतीसपैकी चोवीस दुरुस्त होऊन आल्या होत्या. उरलेल्या चौदांची यादी त्यांनी स्वतः टाइप करून दिली.