पुसलेला आकडा

गावंडे बाई फळ्यावर अख्खं गणित उत्तरासकट लिहीत आणि मग मधलाच एखादा आकडा पदराच्या टोकानं पुसून टाकत. मुलांकडे वळून म्हणत, "गेला. शोधा आता." अमरावतीहून पातूरजवळच्या त्या शाळेत मी नवी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा बाईंच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

"उत्तर आधीच का सांगून टाकता?" मी विचारलं.

"अवं, उत्तर कुठी पळून जाते? ते आलं कुठून, हे पाहाची मजा हाये."

एकदा त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी हातात घेतली. "आईनं पयले वेणी घातली, मंग रिबीन बांधली. सोडतानी पयले काय सोडशीन?"

"रिबीन."

"तसंच हाये. शेवटी जे केलं ते पयले सोडाचं. मिळवलं असन तर वजा करा, गुणलं असन तर भागा."

माझ्या चौथीच्या वर्गात सुगंती होती, मेळघाटातल्या धारणीकडून आलेली. घरी कोरकू बोलणारी; मराठी तिला जपून, शब्द शोधत बोलावी लागे. चाचणीत मी गणित दिलं होतं: कोणत्या संख्येला सहानं गुणून चार मिळवले की सेहेचाळीस येतात? तिनं नुसतं 'सात' लिहिलं. बाकीची उत्तरंही तशीच, एकही पायरी न मांडता, आणि सगळी बरोबर. मी वर्गासमोर म्हणाले, "कुणाचं पाहून लिहिलंस?" मी शून्य गुण दिले.

बाईंनी मधल्या सुट्टीत तो पेपर पाहिला आणि सुगंतीला जवळ बोलावलं. "म्या मनात आकडा धरला. त्याले पाचनं गुणलं, मंग आठ मिळवले. त्रेपन्न झाले."

सुगंतीनं बोटं मिटली, उघडली. "आठ काढले. पाचनं भागले. नऊ."

बाई माझ्याकडे वळल्या. "तिले गणित येते. लिहाले शब्द पुरत नाहीत. तू काहून नाही इचारलं तिले?"

"मी गुण देते," मी म्हणाले.

"गुण देशीनच. पण वर्गासमोर बोलली ना, मंग वर्गासमोरच मागं घे."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सुगंतीची माफी मागितली. त्यानंतर ती हात वर करू लागली. एके दिवशी बाई माझ्या वर्गावर आल्या होत्या, तेव्हा तिनं विचारलं, "बाई, शून्यानं गुणलं. शून्य आलं. पयले किती होतं?"

बाईंनी खडू उचलला. "शून्यानं भागावं, तर..." त्यांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मले नाही येत. पाहून सांगतो."

मला वाटलं, वेळ मारून नेली. पण रविवारी बाई बसनं अकोल्याला गेल्या आणि ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापकांना गाठून आल्या. सोमवारी प्रार्थना संपल्या संपल्या चौथीत शिरल्या. "सुगंती, पयले पाच असन तरी शून्य येते, हजार असन तरी शून्यच. म्हून मागं जाता येत नाही. कोणता आकडा होता, हे कोनालेच सांगता येत नाही." मग तिच्याजवळ बाकावर बसून त्यांनी विचारलं, "तुले हे सुचलं कसं?"

"सगळे गुणाकार उलटे करून पाहिले," सुगंती म्हणाली. "हा एकच नाही झाला."

बाई निरोप समारंभात भाषण करायला तयार नव्हत्या. फार आग्रह झाला तेव्हा उठल्या. "एवढी वर्सं मीच इचारत होती आन् पोरं सांगत होते. या वर्षी एका पोरीनं मले असं इचारलं का मले अकोल्याले जा लागलं. नोकरी संपाच्या आधी हे झालं, बरं झालं."

त्या खाली बसल्या. टाळ्या चालू असतानाच त्यांनी शेजारी बसलेल्या मला हळूच विचारलं, "ते पोरगी आता काय करून राहिली? नवीन काही इचारलं का तिनं?"